बीपी-शुगरच्या रुग्णाची नियमित तपासणी गावात राहून कशी करावी

औषध लागू पडते आहे की नाही, हे अंगाला जाणवत नाही, मोजल्यावरच कळते. म्हणून दरमहा गोळ्या आणायला उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, जाल तेव्हाच रक्तदाब मोजून घ्यावा आणि तो तारखेसह वहीत लिहावा. बहुतेकांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली असायला हवा.

मोजण्याआधी अर्धा तास चहा आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) टाळावा (खर्रा कायमचाच सुटला तर उत्तम) आणि सायकलवरून उतरल्याबरोबर हात पुढे न करता पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे. तपासणी आहे म्हणून सकाळची बीपीची गोळी टाळण्याची सवय वाईट, कारण त्यामुळे आकडा वाढलेला दिसतो आणि डॉक्टर विनाकारण डोस वाढवू शकतात. उपाशीपोटी साखर तपासायची असली तरी ही गोळी साध्या पाण्याबरोबर घेता येते. मधुमेहाची गोळी मात्र रक्त दिल्यानंतर, जेवणाच्या वेळी घ्यावी.

गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी वर्षातून किमान दोनदा आणि साखर आटोक्यात नसल्यास दर तीन महिन्यांनी करावी. पण गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियासारख्या जिल्ह्यांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत, आणि त्यांच्या तांबड्या पेशी नेहमीचे १२० दिवस टिकत नसल्याने हा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. साखर वाढलेली असतानाही अहवाल चांगला दिसतो, हा यातला खरा धोका आहे. अशा रुग्णाने सिकलसेलचे कार्ड आधी दाखवावे आणि उपाशीपोटीच्या व जेवणानंतरच्या साखरेवर भर द्यावा. स्वतःला आजार नसला तरी सिकलसेलचे वाहक असलेल्यांनीही ते सांगावे, कारण तपासणीच्या काही पद्धती त्यांच्या बाबतीतही चुकतात.

मधुमेह असल्यास रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन (दोन्ही मूत्रपिंडासाठी), डोळ्यांचा पडदा आणि पाय वर्षातून एकदा तपासावेत. ही मोठी तपासणी रोवणी किंवा कापूस वेचणीच्या दिवसांवर ढकलली की राहूनच जाते, फेब्रुवारी-मार्च बरा. डोळ्यांत औषध टाकल्यावर काही तास धूसर दिसते, तेव्हा सोबत कोणीतरी न्यावे. पाय मात्र रोज रात्री घरीच पाहावेत, विशेषतः चिखलात अनवाणी रोवणी केल्यावर, कारण मधुमेहाने बधिर झालेल्या तळव्यात रुतलेला काटा दुखत नाही.

मे महिन्याच्या उन्हात उठताना चक्कर येऊ लागल्यास, त्यातही लघवी वाढवणारी गोळी चालू असल्यास, बसून आणि उभे राहून असा दोनदा रक्तदाब मोजून घ्यावा आणि वही डॉक्टरांना दाखवावी. गोळी स्वतःहून बंद करू नये.