अंदमानची सहल मित्रांसोबत: आधी बोट ठरवावी, मग बाकीचे

भंडारा जिल्ह्यातील आमचे गाव एका मालगुजारी तलावाच्या काठी आहे. तलावात डोंगा घालणाऱ्या ढिवर बांधवांना पाहत आम्ही लहानाचे मोठे झालो, त्यामुळे पाणी आम्हाला नवे नव्हते; परंतु सात मित्रांनी मिळून अंदमानला जायचे ठरवले तेव्हा आमच्यापैकी एकानेही समुद्र पाहिलेला नव्हता. आमच्यासारखे अनेक गट आता गावागावांतून बेटांवर जाऊ लागले आहेत. त्यांनी काय आधी करावे, काय टाळावे आणि कुठे घाई करू नये, हे स्वतः जाऊन आल्यावर सविस्तर लिहावेसे वाटले.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पहिल्यांदा सांगतो. आपण सहल आखताना आधी हॉटेल पाहतो, मग ठिकाणे ठरवतो आणि वाहनाचा विचार शेवटी करतो, कारण आपल्याकडे एक एसटी गेली तरी तासाभराने दुसरी मिळते. बेटावर हा क्रम उलटा करावा लागतो. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाण्याचा मार्ग समुद्रातूनच असल्याने बोटीची वेळ आणि बोटीतील जागा आधी पक्की करावी, त्यानुसार मुक्काम ठरवावा आणि फिरण्याची ठिकाणे सर्वांत शेवटी बसवावीत. या क्रमाने चालल्यास निम्म्या अडचणी घरीच सुटतात.

जाण्याचा काळ निवडताना शेतीची कामे आणि समुद्राचा स्वभाव अशा दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. अंदमानात मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस असतो आणि त्यानंतर परतीच्या पावसाच्या सरीही बराच काळ येत राहतात. डिसेंबर ते एप्रिल या महिन्यांत समुद्र त्या मानाने शांत असतो. पूर्व विदर्भात धान चुरून घरात आले आणि उन्हाळी धानाच्या रोवणीला अजून अवकाश आहे, असे डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंतचे दिवस मिळतात. कापूस पट्ट्यातील मित्रांनी वेचणीचा अंदाज घेऊन फेब्रुवारी धरावा. मात्र नाताळ आणि नववर्षाच्या आठवड्यात सगळीकडे गर्दी असते, तेवढे दिवस सोडलेले बरे.

नागपूर, वर्धा, चंद्रपूरकडील मंडळींना चेन्नईमार्गे जाणे सोयीचे पडते, तर गोंदिया आणि भंडाऱ्याच्या लोकांना हावड्याच्या रेल्वेमार्गाने कोलकाता जवळ वाटते. दोन्ही शहरांतून विमानाने साधारण दोन-सव्वादोन तासांत राजधानी गाठता येते. या शहराचे पोर्ट ब्लेअर हे नाव बदलून सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम करण्यात आले, तरी जुने नाव अजून सर्रास वापरले जाते. मोठ्या जहाजाने समुद्रमार्गेही जाता येते. त्याला सुमारे अडीच ते तीन दिवस लागतात आणि जहाजाच्या तारखा आपल्या सोयीच्या असतीलच असे नाही, म्हणून ज्यांना ठरलेल्या दिवशी परतायचे आहे त्यांनी तो विचार सोडावा. रेल्वे उशिरा पोहोचण्याची शक्यता लक्षात घेऊन गाडीतून उतरण्याचा दिवस आणि विमानाचा दिवस एकच ठेवू नये. मध्ये एक रात्र ठेवावी.

आता बोटींविषयी. श्री विजयपुरमहून हॅवलॉक आणि नील या दोन बेटांकडे बहुतेक पर्यटक जातात. डिसेंबर २०१८ मध्ये त्यांना अनुक्रमे स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप अशी नावे देण्यात आली. तिकीट काढताना दोन्ही नावे ठाऊक असावीत, नाहीतर एकच बेट दोन समजण्याचा घोळ होतो. खासगी वेगवान बोट हॅवलॉकला साधारण दीड तासात पोहोचते आणि सरकारी बोटीला अडीच तासांच्या आसपास लागतात. खासगी बोटी वातानुकूलित आणि बंदिस्त असतात. सरकारी बोट स्वस्त असते, तिच्या डेकवर उभे राहून वारा खात जाता येते, पण तिची तिकिटे मिळण्याची खात्री कमी असते. आमचा सल्ला असा की जाताना खासगी बोटीचे तिकीट आधीच काढावे आणि सरकारी बोटीचा अनुभव परतीच्या एखाद्या टप्प्यात, हातात मोकळा दिवस असताना घ्यावा. राजधानी, हॅवलॉक, नील आणि पुन्हा राजधानी असा त्रिकोण आखल्यास एकाच मार्गावर दोनदा पैसे आणि वेळ जात नाही.

तिकिटावरील नाव आणि आधार कार्डावरील नाव अक्षरशः जुळले पाहिजे. गावात ज्याला सगळे एका नावाने हाक मारतात त्याचे कागदावरचे नाव वेगळेच असते, आणि घाईत फॉर्म भरणारा मित्र बोलण्यातलेच नाव लिहून टाकतो. आमच्या गटात पोस्टात काम करणाऱ्या मित्राने सगळ्यांची कार्डे एका ओळीत ठेवून एकेक अक्षर तपासले, म्हणून आम्ही निभावलो. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून ऑप्टिकल फायबर केबल आल्यापासून तेथील इंटरनेट पुष्कळ सुधारले आहे, तरी लहान बेटांवर ते रेंगाळते. तिकिटांच्या छापील प्रती आणि मूळ ओळखपत्र प्रत्येकाच्या खिशात असावे. जेट्टीवर किमान एक तास आधी पोहोचावे. तेथे सामानाची तपासणी होते, मोठ्या बॅगा वेगळ्या ठेवल्या जातात आणि बोट कोणासाठी थांबत नाही. औषधे, पैसे आणि चष्मा मोठ्या बॅगेत अजिबात ठेवू नये.

समुद्र लागणे ही लाजेची गोष्ट नाही. घाटात गाडी लागत नाही म्हणून बोट लागणार नाही असे समजू नये, कारण बोट एकाच वेळी पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलते. निघण्याआधी तेलकट खाणे टाळावे, पण उपाशीही बसू नये. डॉक्टरांना विचारून आणलेली उलटीची गोळी बोटीत बसल्यावर नव्हे तर निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी. जागा निवडता आली तर बोटीच्या मध्यभागाजवळची, खालच्या मजल्यावरची घ्यावी. मोबाइल बाजूला ठेवून दूरच्या क्षितिजाकडे पाहत राहावे. सकाळचा समुद्र बहुधा दुपारपेक्षा शांत असतो, म्हणून पहिली बोट उत्तम. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो: खर्रा घरीच सोडावा. बंदिस्त बोटीत थुंकायला जागा नसते आणि हलत्या बोटीत तंबाखूने मळमळ अधिकच वाढते. शिवाय खर्र्याची पन्नी वाऱ्याने उडून समुद्रात गेली की ती कोणाच्या पोटात जाईल हे सांगता येत नाही.

परतीच्या विमानाच्या आधीचा एक संपूर्ण दिवस आणि रात्र राजधानीतच काढावी, हा नियम आम्ही सुदैवाने पाळला. नीलवरून निघण्याच्या दुपारी वारा वाढला, समुद्रावर पांढरे फेस दिसू लागले आणि आमची बोट रद्द झाल्याचे सांगण्यात आले. जेट्टीवर काही कुटुंबे अक्षरशः रडकुंडीला आली होती, कारण त्यांचे विमान दुसऱ्या दिवशी सकाळी होते. आम्ही दुसऱ्या दिवशीच्या बोटीने आलो आणि त्याच्या पुढच्या दिवशी विमानात बसलो. त्या राखीव दिवसाला आमच्यातील दोघांनी आधी ‘पैशाची नासाडी’ म्हटले होते. तो दिवस वाया जात नाही, कारण सेल्युलर जेल त्या दिवशी निवांत पाहता येते. १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या या कारागृहाच्या सात शाखांपैकी आज तीनच उभ्या आहेत. बाबाराव आणि विनायक हे दोघे सावरकर बंधू येथे कैदेत होते, आणि ती कोठडी पाहताना मराठी माणसाचे पाऊल आपोआप जड होते.

दिवसाचे वेळापत्रक आखताना सूर्याचे घड्याळ बदलते हे विसरू नये. ही बेटे आपल्यापेक्षा बऱ्याच पूर्वेला आहेत आणि घड्याळ मात्र सगळ्या देशाचे एकच आहे, त्यामुळे डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर चहा घेऊन सहाला जाऊ, असे म्हटले तर अंधारच हाती येतो. पहाटे लवकर उठून दुपारपर्यंत फिरणे आणि चारच्या आत किनाऱ्यावर पोहोचणे हे तिथले खरे वेळापत्रक आहे.

भरती-ओहोटी ही आपल्यासाठी सर्वांत अपरिचित गोष्ट. आमच्या तलावाचे पाणी उतरायला महिने लागतात. नीलच्या भरतपूर किनाऱ्यावर सकाळी जिथे बोटी तरंगत होत्या तिथे दुपारी खडक उघडे पडलेले पाहून आमचा एक मित्र कितीतरी वेळ “पाणी गेलं कुठं गा?” एवढेच विचारत राहिला. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते, रोज ती सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते आणि अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाण्याची चढ-उतार सर्वाधिक असते. काचेच्या तळाची बोट किंवा स्नॉर्केलिंग (तोंडात नळी धरून पाण्याखाली पाहणे) भरतीच्या वेळेवर अवलंबून असते, तर नीलवरील नैसर्गिक खडकाचा पूल ओहोटीतच जवळून पाहता येतो. म्हणून मुक्कामी पोहोचताच दुसऱ्या दिवशीच्या वेळा विचारून ठेवाव्यात आणि मगच वाहन ठरवावे. तलावात पोहता येणाऱ्यांनीही समुद्रात लाइफ जॅकेट घालावे. ओढीचे पाणी माणसाची ताकद पाहत नाही.

वन्यजीवांच्या बाबतीत आपण नवेगाव-नागझिऱ्याच्या शेजारचे लोक आहोत, त्यामुळे आपल्याला अर्धे शिक्षण आधीच मिळालेले असते. अंदमानच्या जंगलात वाघ, बिबट किंवा अस्वल नाही. धोका पाण्यात आहे, तो खाऱ्या पाण्यातील मगरीचा. २०१० मध्ये हॅवलॉकच्या किनाऱ्यावर अशाच मगरीने एका पर्यटकाचा जीव घेतला होता, म्हणून खाडीच्या तोंडाशी, खारफुटीजवळ आणि सूचनाफलक असेल तिथे पाण्यात पाऊल टाकू नये. अंदमानचा राज्यप्राणी डुगाँग, म्हणजे समुद्रगाय, समुद्राच्या तळाचे गवत खाणारा लाजाळू प्राणी असून तो सहसा दिसत नाही. त्याच्या आशेवर बोटवाल्याला जादा पैसे देऊ नयेत. पक्षी पाहायचे असतील तर राजधानीच्या दक्षिणेला असलेल्या चिडिया टापूला जावे. रॉस बेटावर, म्हणजे आताच्या नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर, पडक्या इंग्रजी इमारतींना वडाच्या मुळांनी वेढले आहे आणि त्यांच्यामधून चितळ फिरतात. आपल्याला ते घरचेच वाटतात, पण ती बाहेरून आणलेली जनावरे आहेत. त्यांना बिस्किटे खाऊ घालू नयेत.

प्रवाळ जिवंत असते, हे आम्हाला पाण्यात डोके घातल्यावर कळले. दगडासारख्या दिसणाऱ्या त्या फांद्या असंख्य सूक्ष्म प्राण्यांनी बांधलेल्या असतात. त्यावर उभे राहिले की अनेक वर्षांची वाढ एका पावलाने मोडते. हॅवलॉकच्याच कालापत्थर किनाऱ्यावर आमच्या किराणा दुकानदार मित्राने मुलीसाठी एक सुबक शंख उचलला आणि तळहातावर ठेवला. थोड्या वेळाने त्यातून तांबूस पाय बाहेर आले, मग दोन डोळे, आणि तो खेकडा घर पाठीवर घेऊनच त्याच्या बोटावरून चालू लागला. त्याने तो हळूच वाळूत ठेवला. रिकामे दिसणारे शंखही अशा खेकड्यांची उद्याची घरे असतात. प्रवाळ आणि शंख-शिंपले उचलून नेण्यास मनाई आहे आणि विमानतळावरील तपासणीत ते काढून घेतले जातात. वंडूर येथील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातील जॉली बॉय बेटावर तर प्लास्टिकची पिशवी किंवा बाटलीही नेता येत नाही.

बाराटांग बेटाला जावे का, हा प्रश्न प्रत्येक गटात निघतो. चुनखडीच्या गुहा तिथे आहेत, परंतु रस्ता जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव क्षेत्रातून जातो. वाहनांना ताफ्यानेच सोडले जाते आणि वाटेत थांबणे, छायाचित्र काढणे किंवा त्यांना काही देणे हा गुन्हा आहे. आम्ही गेलो नाही. गडचिरोलीतील माडिया बांधवांना कोणी गाडीच्या काचेतून पाहायला आले तर ते आपल्याला रुचणार नाही, मग आपणही तसे करू नये, असे आमच्या गटाचे मत पडले.

जेवणाची काळजी अनेकांना निघण्याआधीच लागते. हॅवलॉक आणि नीलवर फाळणीनंतर वसवलेल्या बंगाली कुटुंबांची वस्ती मोठी आहे, त्यामुळे बाजारातील लहान खानावळीत भात, डाळ, भाजी आणि मासळीचा पातळ रस्सा सहज मिळतो. रोहू-कतला खाणाऱ्या पूर्व विदर्भाच्या माणसाला तो ओळखीचा लागतो. किनाऱ्यावरील महागड्या हॉटेलपेक्षा जेट्टीजवळच्या या खानावळी आम्हाला अधिक आवडल्या. सुरमई आणि टुना अवश्य खावेत. खेकडा किंवा लॉबस्टर मागवण्याआधी वजन आणि दर विचारून घ्यावा, आणि ज्याने हे कधीच खाल्ले नाही त्याने पहिल्यांदा थोडेच खाऊन पाहावे, कारण काहींच्या अंगावर त्याने पित्त उठते. पुष्कळ भाजीपाला जहाजाने येतो, म्हणून शाकाहारी जेवण स्वस्त पडेल अशी अपेक्षा ठेवू नये. घरून जवसाची चटणी, कोरडा ठेचा आणि चिवडा न्यावा. तिसऱ्या दिवशी गरम भातावर जवसाची चटणी आणि तेल घेतले तेव्हा सातही जण काही वेळ बोललेच नाहीत.

पैशांचा हिशेब एकाच्याच हाती द्यावा. निघण्यापूर्वी प्रत्येकाने सारखी रक्कम जमा करावी, पुरेशी रोकड राजधानीतच काढून घ्यावी आणि रोज रात्री वहीत खर्च लिहून सर्वांना वाचून दाखवावा. स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरणे, करायचे असल्यास ते सहलीच्या सुरुवातीच्या दिवसांतच उरकावे, कारण डायव्हिंगनंतर किमान १८ ते २४ तास विमानात बसू नये. शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो. दमा, हृदयविकार किंवा कानाचा त्रास असलेल्या मित्राने ते प्रशिक्षकाला आधी सांगावे. त्याला पाण्यात उतरता आले नाही तर गटातील आणखी एकाने त्याच्यासोबत काठावर थांबावे. आमच्याकडे ही पाळी मी घेतली होती, आणि त्या दोन तासांत किनाऱ्यावरच्या नारळवाल्याकडून भरतीच्या वेळा समजून घेतल्या.