पियानोचा पीस निवडताना या चुका टाळा

क्लासला नवीन आलेल्याला विचारलं, काय वाजवायचंय, तर उत्तर ठरलेलं: 'फ्युर एलिझ', म्हणजे 'एलिझसाठी'. किती बसलंय? 'सुरुवात येते, मॅडम.' सुरुवात सगळ्यांनाच येते हो. तिथेच गोची आहे.

पहिल्या पानावरून पीस जोखणं

बीथोवनने १८१० च्या सुमारास लिहिलेल्या या पीसची सुरुवात फार प्रेमळ आहे. दोन शेजारच्या पट्ट्यांवर बोटं डोलतात, मग डावा हात, मग उजवा, दोघं एकमेकांना वाट देत जातात. आठवड्याभरात घरचे ओळखू लागतात आणि आपल्याला वाटतं, झालंच. पुढे एफ मेजरचा भाग येतो. तिथे उजव्या हाताला चक्क दुगुन, म्हणजे दुप्पट वेग आहे. त्याच्याही पुढे डावा हात खालचा एकच 'ए' सूर बार मागून बार (बार म्हणजे तालाचं एक छोटं आवर्तन) ठोकत राहतो आणि मनगट भरून येतं.

मी सोळा वर्षांची असताना सरांच्या दिवाणखान्यातल्या वार्षिक कार्यक्रमात हेच वाजवायला बसले. मधला भाग 'साधारण' बसला होता. समोर माणसं बघून हुरूप आला आणि सुरुवातच भरधाव घेतली. दुगुन आली तेव्हा बोटांत वेग शिल्लकच नव्हता. तीन बारांत गाडी अडकली. घाबरून मी मुखड्यावर परत आले, पुन्हा पुढे गेले, पुन्हा तिथेच अडकले. शेवटी मुखडा वाजवून उठले. टाळ्या पडल्या, कारण मुखडा सगळ्यांच्या ओळखीचा होता. सर एवढंच म्हणाले, "एलिझसाठी होतं ना? तिला अर्धंच मिळालं."

तेव्हापासून सवय लागली. नवा पीस हातात आला की वाजवायचा नाही. पेन्सिल घ्यायची आणि कागदावर शाई जिथे सगळ्यात दाट दिसते, त्या चार बारांना चौकट करायची. त्या चौकटीपासून सुरुवात. दोन्ही हात वेगळे, रोज दहा मिनिटं, तीन दिवस. चौथ्या दिवशी दोन्ही हात ठाय (अगदी संथ) लयीतसुद्धा जुळत नसतील, तर पीस कपाटात. आणि पूर्ण पीसची लय या चार बारांवरून ठरवायची, मुखड्यावरून नाही. (शाईचा नियम कधी फसतो. मोत्झार्टचा के ५४५ (हा त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) सोनाटा, म्हणजे अनेक भागांची रचना, कागदावर स्वच्छ दिसतो, त्याने स्वतःही 'नवशिक्यांसाठी' अशी नोंद केली. पण त्यातली प्रत्येक घसरलेली नोट गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाते.)

संथ म्हणजे सोपं

ही चूक पेटी शिकून आलेले जास्त करतात, आणि त्यांचा दोष नाही. पेटीवर पट्टी दाबून भाता हलवत राहिलं की सूर टिकतो. पियानोवर हातोडी तारेवर आपटली की त्या क्षणापासून आवाज विरायला लागतो. त्यामुळे संथ पीसमध्ये एका सुरातून दुसरा उगवल्यासारखा वाटायला हवा, आणि ते काम बोटाच्या वजनाचं आहे.

बीथोवनच्याच 'मूनलाइट' सोनाटाचा पहिला भाग बघा. नोट्स मोजक्या, लय संथ. पण सी शार्प मायनर, म्हणजे चार शार्प (चार स्वर कायम अर्ध्या स्वराने वर). शिवाय उजव्या हाताच्या आतल्या बोटांनी तीन-तीनचे झुळझुळ स्वर हलके ठेवायचे आणि त्याच हाताच्या करंगळीने वरची धून गायची. करंगळी म्हणजे हातातलं सगळ्यात आळशी बोट! भरीला पेटीवाल्यांच्या डाव्या हाताने आयुष्यभर भाताच ओढलेला, त्याला इथे अष्टकं, म्हणजे एकमेकांपासून आठव्या पट्टीवरचे दोन सूर, एकदम धरायची असतात.

वीत न मोजणं

पियानोवर एक अष्टक सुमारे साडेसोळा सेंटिमीटरचं. 'मूनलाइट'मध्ये उजवा हात काही ठिकाणी नवव्या पट्टीपर्यंत ताणावा लागतो. हात ओढून दुखत असेल तर सराव वाढवू नका, पीस बदला.

रंगीत पट्ट्या पडतात ते व्हिडिओ

इंटरनेटवरच्या त्या व्हिडिओंत कुठली पट्टी दाबायची ते वरून पडणाऱ्या रंगीत पट्ट्या दाखवतात. त्यातून पट्ट्या पाठ होतात, बोटं कुठली लावायची ते नाही. चुकीचं बोट एकदा बसलं की सोडवायला महिने जातात. मला याची खरोखर चीड आहे.

ग्रेडचा आकडा

पियानोच्या परीक्षांच्या आठ ग्रेडपैकी (पायऱ्यांपैकी) पाचवी पास म्हणजे पाचवीचा प्रत्येक पीस येईल असं नाही. परीक्षेचे तीन पीस वर्षभर घोटलेले असतात.

'सोपी आवृत्ती' घेण्याची लाज

घ्या की! फक्त ती सोपी आवृत्ती आहे हे लक्षात असू द्या.

माझ्या कपाटात 'अजून नाही' असा एक गठ्ठा आहे. 'मूनलाइट'चा तिसरा भाग, तो प्रेस्टो, म्हणजे अतिवेगवान, त्यात सगळ्यात खाली आहे. दर दिवाळीच्या सुट्टीत बाहेर काढते, चौकटीतले चार बार वाजवून बघते आणि परत ठेवते.