हिंदू धर्माचा अभ्यास सुरू करताना: एक दैवत धरा

समाजशास्त्र किंवा इतिहासाच्या एम.ए.ला आलेले विद्यार्थी हिंदू धर्माचा अभ्यास बहुधा चार वर्ण, चार आश्रम, चार पुरुषार्थ अशा याद्यांपासून सुरू करतात. याद्या पाठ होतात, पण गावात गेल्यावर त्या कुठे जोडायच्या ते कळत नाही. म्हणून आमचा आग्रह आहे की एकच दैवत धरा आणि त्याच्याभोवती कोण काय करतो ते लिहून काढा. महाराष्ट्रात यासाठी खंडोबा फार चांगला.

जेजुरी पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यात. पहिली फेरी साध्या दिवशी करा, दुसरी चंपाषष्ठीला, म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, नाहीतर सोमवती अमावस्येला. सोमवतीला पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला जाते. थेट यात्रेतच गेलात तर गर्दी आणि भंडाऱ्याशिवाय काही नजरेत भरत नाही. गुरव, मानकरी, वाघ्या यांच्याशी बोलायला निवांत दिवसच हवा.

तळी भरताना पाहा. ताम्हनात विड्याची पाने, सुपारी, खोबरे आणि भंडारा ठेवतात. पाच किंवा सात अशा विषम संख्येने पुरुष ते धरतात आणि 'सदानंदाचा येळकोट' म्हणत तीनदा वर उचलतात. येळकोट हा शब्द कानडी 'एळु कोटि', म्हणजे सात कोटी, यावरून आल्याचे सांगतात. कर्नाटकात हाच देव मैलार, तेलुगू मुलखात मल्लन्ना. देव भाषेची हद्द कशी ओलांडतात ते इथे एका शब्दात दिसते. घरोघरी तपशील बदलतो, त्यामुळे 'खरी पद्धत कोणती' असे विचारू नका. 'तुमच्या घरी कशी' असे विचारा.

आता समाजरचना. खंडोबाची एक बायको म्हाळसा, लिंगायत वाण्यांची. दुसरी बाणाई, धनगरांची. लोकपरंपरेत आणखीही बायका येतात, शिंपी, माळी अशा घरांतल्या. जागरणात वाघ्या-मुरळी दिमडी आणि तुणतुण्यावर म्हाळसा-बाणाईचे भांडण गातात. पेठेतला वाणी आणि रानातला धनगर एकाच देवाशी सोयरिकीने बांधले गेले आहेत, हे त्या गाण्यांतून जितके कळते तितके कोणत्याही तक्त्यातून कळणार नाही. मुरळीबद्दल मात्र नुसत्या कौतुकाने लिहू नका. मुली देवाला वाहण्याची ही चाल होती. देवाला मुली वाहण्याविरुद्ध मुंबई इलाख्यात 1934 साली कायदा झाला.

विद्यार्थी हमखास घोटाळा करतात तो शब्दांचा. वर्ण हा ग्रंथातला आराखडा. लग्न, पंगत आणि धंदा चालला तो जातीवर, बऱ्याचदा पोटजातीवर. गोत्र ऋषीच्या नावाने चालते, तर देवक झाड, वेल, पीस अशा वस्तूचे असते आणि लग्नात पुजले जाते. ज्या घरांत देवक मानतात, तिथे एकाच देवकाच्या दोन कुळांत सोयरीक होत नाही. कुलदैवत घराण्याचे, ग्रामदैवत गावाचे, इष्टदैवत आपण निवडलेले. एकाच माणसाची तिन्ही वेगळी असू शकतात, आणि 'तुमचा देव कोणता' या मोघम प्रश्नाला तो त्यांपैकी कोणतेही एक सांगेल. कर्म, मोक्ष हे शब्द बोलण्यात आपण होऊन क्वचितच येतील. नवस बोलणे, नवस फेडणे, कुळाचार, देवाचा कोप, अंगात येणे हे शब्द येतील. ते जसेच्या तसे टिपा, लगेच ग्रंथातल्या संज्ञेत बसवू नका.

जात थेट विचारली की माणूस मिटतो. त्याऐवजी कामे विचारा: पालखीला खांदा कोणाचा? दिवटी कोण धरतो? बेल कोण आणतो? पहिला नैवेद्य कोणाच्या घरचा? उत्तरांतून गुरव, मानकरी, बलुतेदार आपोआप उभे राहतात. बारा बलुतेदारांची यादी प्रांतागणिक बदलते, तेव्हा पुस्तकातली यादी गावावर लादू नका.

हेच प्रश्न गावातल्या प्रत्येक वस्तीत विचारा, दलित वस्तीत तर नक्कीच. पाटलाच्या ओसरीवर 'सगळे मिळून करतो' असे ऐकू येते. देवळाच्या कोणत्या पायरीपर्यंत येऊ देत होते, हे त्या पायरीवर थांबवलेल्यांकडूनच कळते. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह 1930 मध्ये सुरू झाला आणि मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेश कायदा 1947 चा. या दोन साली आपल्या गावात काय चालले होते, हा स्वतंत्र प्रश्न ठेवा. बायका गाभाऱ्यात जातात का, हेही वेगळे लिहा.

तिथींकडे लक्ष द्या. आपला महिना अमावस्येला संपतो, उत्तरेतला पौर्णिमेला. त्यामुळे आपली महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला आणि हिंदी पुस्तकात तीच फाल्गुनात. दिवस एकच असतो, पण वहीत दोन सण होऊन बसतात.

कोणी 'पूर्वी असे होते' म्हणाले की वर्ष विचारा. आठवत नसेल तर 1972 चा दुष्काळ किंवा 1967 चा कोयनेचा भूकंप यांच्या आधी की नंतर, असे विचारा. म्हातारी माणसे त्या खुणांवरून बरोबर सांगतात.