घरचं सोयाबीन पेरताय? आधी शंभर दाणे उगवून पाहा

पाऊस तोंडावर आलाय, म्हणून हे काम आजच करा. प्रत्येक पोत्यातून मूठभर दाणे काढून मिसळा आणि सरसकट १०० मोजा. निवडून चांगले घेऊ नका, पेरणीत वाईटही जाणारच आहेत. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट घाला, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि ओल टिकवा. पाचव्या दिवशी निरोगी, सरळ कोंब आलेले तेवढेच मोजा.

७० किंवा जास्त निघाले तर हेक्टरी ७५ किलो पुरे. ६० निघाले तर साडेसत्त्याऐंशी किलो लागेल. त्याखालचं बियाणं मी तरी पेरणार नाही.

रानं मोडलेली मी पाहिली ती पावसामुळे कमी आणि ही चाचणी न केल्यामुळे जास्त. "गेल्या साली छान उगवलं होतं" एवढ्या भरवशावर पेरतात. सोयाबीनचं टरफल पातळ, अंकुर अगदी त्याखाली. पोतं उंचावरून आपटलं, थप्पी उंच रचली की दाणा बाहेरून टवटवीत दिसतो, आतून मेलेला असतो. मळणीच्या वेळी गंजी भिजली असेल तर चाचणी दोनदा करा, हा माझा अनुभवाचा अंदाज.

उगवण फसली की दुबार पेरणीसाठी मिळेल ते बियाणं, सांगतील त्या भावात घ्यावं लागतं. बियाणं आणि औषधं दोन्ही विकणाऱ्या मोठ्या कंपन्या २०१७-१८ मध्ये आणखी एकवटल्या: डाऊ आणि ड्यूपॉन्ट एक झाल्या, सिंजेंटा केमचायनाकडे गेली, मोन्सॅन्टो बायरने घेतली. विकणारे कमी झाले की घरच्या पोत्याची किंमत वाढते, म्हणून त्यातलं बियाणं मरू देऊ नका. बियाण्यासोबत दुकानदार टॉनिक गळ्यात मारत असेल तर ठाम नाही म्हणा.

"घरचं बियाणं बेकायदा" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. भारताच्या २००१ च्या वाण संरक्षण कायद्याचं कलम ३९ संरक्षित वाणाचंही बियाणं राखायला, पेरायला, अदलाबदल करायला, विकायलाही मुभा देतं. फक्त ब्रँड लावून विकता येत नाही. मात्र संकरित मका किंवा कापसाचं बियाणं राखू नका, पुढच्या पिढीत पीक एकसारखं येत नाही.

पेरणीची कामं:
- कार्बॉक्सिन ३७.५ टक्के + थायरम ३७.५ टक्के हे मिश्र बुरशीनाशक, ३ ग्रॅम प्रति किलो
- नंतर रायझोबियम आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) ही जिवाणू खतं, प्रत्येकी २५ ग्रॅम प्रति किलो
- बियाणं सावलीत सुकवणं
- ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावरच पेरणी
- खोली ३ ते ५ सेंमी

आज चाचणी लावली तर पाचव्या दिवशी कळेल, आणि कमी उगवलं तरी शेजाऱ्याशी बियाणं बदलायला वेळ राहील. पाऊस लांबला तर पेरणीच्या आठवड्यात पुन्हा १०० दाणे लावा, दमट हवेत उगवण झपाट्याने घसरते.