हेराल्ड ही जुनी मोटार घरी बांधायची तर आधी कागद, मग दारं आणि रंग सगळ्यात शेवटी

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी पोरगा माझ्या शेडवर येतो, मोबाईलवर व्हिडिओ दाखवतो की इंग्लंडमधला एक म्हातारा घरामागच्या खोपटात बसून खोक्यातले पार्ट जोडून स्पोर्ट्स कार बनवतोय, आणि विचारतो, काका आपल्याकडे नाशकात असं जमेल का? जमेल की. सातपूर-अंबडमध्ये पाईप वाकवणारे, वेल्डिंगवाले, फायबरवाले ढिगाने आहेत, चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, महिन्याभरात उभी राहील. फक्त ती गाडी गेटच्या बाहेर नेता येणार नाही, एवढंच.

लोटस सेव्हन नावाची स्पोर्ट्स कार १९५७ पासून तिकडे कर वाचवायला सुट्या भागांत विकायचे, आज केटरहॅम ही कंपनी तशीच गाडी सुट्या भागांत विकते, आणि घरी जोडलेल्या एकाच गाडीची तपासणी करून तिला नंबर द्यायची सोय तिकडच्या सरकारने ठेवलीये. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे बनवणाऱ्याने गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून पास करून घ्यायचा असतो, ती कंपन्यांची कामं, एका गाडीसाठी तुमच्या-माझ्यासारख्याला परवडणारी नाहीत. बरं मग जुन्या गाडीच्या आरसीवर नवीन पाईप चेसिस खपवू म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगून टाकलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी वेगळी करता येणार नाही. त्यामुळे 'आरटीओत माझी ओळख आहे' असं सांगणाऱ्या दलालाला चहा पाजा आणि वाटेला लावा.

हौस खरी असेल तर स्टँडर्ड हेराल्ड शोधा. १९६१ ते १९७१ मद्रासला बनायची. बाकी गाड्यांची बॉडी म्हणजे एक सलग डबा असतो, हेराल्डची तशी नाही. खाली वेगळी चेसिस आणि वर नटबोल्टने जोडलेले तुकडे: पुढे उलटं उघडणारं अख्खं बॉनेट, मग फायरवॉलचा, म्हणजे इंजिन आणि सीटमधल्या आडव्या पत्र्याचा, पुढचा टब, मागचा टब, वर छप्पर. म्हणजे कंपनीनेच किट करून दिल्यासारखी. आणि ट्रायम्फ स्पिटफायर नावाची जी स्पोर्ट्स कार आहे तिची चेसिस हेराल्डवरूनच काढलेली. आपल्या हेराल्डचं ९४८ सीसी इंजिन जेमतेम ३५ हॉर्सपॉवरचं आहे हे खरं, पण छप्पर काढून गंगापूर रोडला सकाळी निघालात की तेवढी पुरते.

कागद

गाडी बघायच्या आधी आरसी बघा. आरसी नाही, हरवलीये, मालक वारलेत आणि वारस चार आहेत, असं काही ऐकलं की परत या, गाडी कितीही गोड दिसली तरी. जुनी आरसी बुकं बऱ्याचदा ऑनलाइन चढलेलीच नसतात, तेव्हा व्यवहाराच्या आधी मालकाकडूनच बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुन्या नोंदणीची ऑनलाइन नोंद, करून घ्या, नंतर तो फोन उचलत नाही. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर एनओसी, मग मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०. चेसिस आणि इंजिन नंबर स्वतः डोळ्यांनी आरसीशी ताडून बघायचे, फोटोवर विश्वास नको.

आणि हेराल्डमध्ये कुणी मारुतीचं इंजिन टाकलं असेल तर घेऊच नका. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणी आहे, तिची मुख्य अटच ही आहे की चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये बदल केलेला नसावा.

खोलणं

प्रत्येक बोल्ट वेगळ्या डब्यात, डब्यावर नाव, आणि फोटो. बॉडीच्या प्रत्येक माउंटखालचं, म्हणजे बॉडी चेसिसला बोल्टने बसते त्या जागेखालचं, पॅकिंग त्याच माउंटच्या डब्यात, कुठे किती होतं ते लिहून. झालं.

चेसिस आणि बॉडी, म्हणजे खरं दुखणं

इथे मी पहिल्या गाडीत आठ महिने घालवले, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हेराल्डच्या चेसिसला बाजूला हात काढलेले असतात, आउटरिगर म्हणतात त्यांना, बॉडी त्यांच्यावर बसते. ते गंजलेले असणार, त्यात वाद नाही. सगळे सांगतात बॉडी उचला, चेसिस नागडी करा, सगळे आउटरिगर कापा, नवीन मारा, सँडब्लास्ट, पावडर कोटिंग, वर बॉडी ठेवा. फोटो फार छान येतात याचे. मीही तेच केलं. फॅब्रिकेटर चांगला कारागीर होता, वेल्ड बघावं तर मशीनने मारल्यासारखं, पण त्याने दोन्ही बाजूचे हात एकदम कापले आणि एका दमात पूर्ण वेल्ड मारले. उष्णतेने चेसिस ओढली गेली आणि एक हात सहा मिलीमीटर खाली आला. सहा मिलीमीटर म्हणजे काय हो, करंगळीसुद्धा नाही. मीही तेच म्हणालो. मग बॉडी ठेवली, दार लावलं, तर दार वरच्या कोपऱ्यात बी पिलरला, म्हणजे दारामागच्या खांबाला, टेकतंय आणि खाली बोट जाईल एवढी फट.

कारण समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं आहे. दार बिजागरीने पुढच्या टबवर टांगलेलं असतं आणि कुलूप लागतं मागच्या टबला. हे दोन वेगळे तुकडे आहेत, मध्ये जमिनीवर बोल्टने जोडलेले. म्हणजे दाराची फट दारात नसतेच, ती या दोन तुकड्यांच्या एकमेकांशी असलेल्या बसण्यात असते आणि ते बसणं ठरतं चेसिसवरून. डेंटरला हे सांगून पटत नाही, तो लगेच दाराचा पत्रा ठोकायला घेतो, बिजागरी वाकवतो, नाहीतर लांबी (पुट्टी) भरून फट सारखी दाखवतो. त्याला हात लावू देऊ नका.

तेव्हा माझी पद्धत अशी. बॉडी चेसिसवर असतानाच एकेक आउटरिगर बदलायचा, एक पूर्ण झाला की मगच दुसऱ्याला कटर लावायचा. आधी नुसते टॅक, म्हणजे ठिपक्याएवढे वेल्ड, मग थोडं या बाजूला, थोडं त्या बाजूला, मध्ये गार होऊ द्यायचं, पाणी मारून गार करायचं नाही. सुरू करण्याआधी चेसिसची तिरकी मापं दोन्हीकडून घ्या आणि भिंतीवर खडूने लिहून ठेवा, प्रत्येक वेल्डनंतर परत मोजा. लेव्हलसाठी लेझर-बिझर लागत नाही, गवंड्याची पाण्याची नळी आणा, त्याहून खरं काही नाही. आता बॉडीचा खालचा पत्राच इतका सडला असेल की ती चेसिसला धरून राहत नाही, तर आधी तो पत्रा करा. आणि बॉडी उचलावीच लागली तर दाराच्या चौकटीत आडवा अँगल टॅक करून मगच उचला, नाहीतर टब पुस्तकासारखा मिटतो.

मग जुळवणी. गाडी चाकांवर उभी हवी, स्टँडवर नाही, आणि इंजिन-गिअरबॉक्स जागेवर बसवलेलं हवं, कारण त्या वजनाने चेसिस जी काय किंचित वाकायची ती वाकलेली असताना फटी जुळवायच्या आहेत. रिकाम्या चेसिसवर जुळवलेल्या फटी इंजिन टाकलं की हलतात, हे मी दुसऱ्यांदा शिकलो, तोपर्यंत बायकोने शेडमध्ये चहा पाठवणं बंद केलं होतं. सगळे बॉडी बोल्ट हाताने घट्ट होतील इतकेच लावा, छप्परही वर सैल ठेवा, दारं टांगा आणि बघा.

दार वर चिकटतंय, खाली फट आहे, म्हणजे गाडी मधून खाली बसलीये. दोन टब जिथे जुळतात त्या जोडाजवळच्या माउंटखाली पॅकिंग वाढवा. उलट असेल, वर फट आणि खाली घासतंय, तर तिथलंच पॅकिंग कमी करा. एका वेळी एक माउंट, एक मिलीमीटर, मग सगळे बोल्ट परत आवळून दार लावून बघायचं. बोल्ट सैल असताना दिसणारी फट खोटी असते. कंटाळवाणं आहे, एका बाजूला मला आता दोन दिवस लागतात, पहिल्या वेळी किती लागले ते विचारू नका. डावी बाजू जमली की उजवी बिघडते, घाबरू नका, दोन-तीन फेऱ्यांत दोन्ही जागेवर येतात. तरीही फट राहिलीच तर मग, आणि मगच, बिजागरी. बॉनेट सगळ्यात शेवटी, दारांना धरून, कारण ते आपल्या फ्रेमवर पुढे-मागे, वर-खाली सरकवता येतं. बॉनेट आधी जुळवून दारं त्याला जुळवणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्या गाड्या अजून शेडमध्येच आहेत.

एक गोष्ट बोल्टची. हे सगळे यूएनएफ, म्हणजे इंचाच्या मापातले बारीक आटे आहेत, बॉडीचे बरेचसे अडीच सुती, म्हणजे ५/१६ इंची. आठ एमएमचा बोल्ट अडीच सुतीच्या जागी जवळजवळ बसतो, ते 'जवळजवळ' हीच फसगत आहे, पोरगं पाना लावून जोर करतं आणि आतला नट आटे सोडून गोल फिरायला लागतो, आणि तो नट असतो बंद खोक्याच्या आत. हार्डवेअरवाल्याने 'चालतंय की' म्हटलं तरी परत या.

फटी जमल्या की सगळ्या पॅकिंगची यादी करा, मग खोला, मग रंग. रंग आधी मारून मागून दारं जुळवायला घेतली की कडा उडतात आणि पेंटर दुसऱ्यांदा पैसे घेतो, त्याचं बरोबरच आहे. रंगाला देताना चेसिस नंबरची पट्टी असलेला भाग स्वतः टेप लावून झाका आणि पेंटरला तोंडावर सांगा की इथे पॉलिश पेपर फिरवायचा नाही. माझ्या एका गाडीत ही पट्टी घासून अर्धी गेली, आकडे भिंगातून वाचायची वेळ आली आणि तपासणीला किती हेलपाटे झाले त्याचा हिशोब ठेवला नाही.

पुढचा सस्पेन्शन

खालच्या पितळी ट्रनियनमध्ये, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या सांध्यात, ग्रीस भरू नका. नव्वद नंबरचं गिअर ऑइल. ग्रीस आट्यात नीट पोचत नाही, पाणी साचतं, आतला दांडा गंजतो आणि एक दिवस वळणावर मोडून चाक आडवं पडतं. 'ग्रीस निपल आहे म्हणजे ग्रीसच' म्हणणाऱ्या मेकॅनिककडे गाडी सोडू नका.

इंजिन, वायरिंग, ब्रेक

इंजिनाला कुठलाही जुना बोअरिंगवाला न्याय देतो. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल चालणारा घ्या, आताच्या पेट्रोलमध्ये जुनं रबर विरघळून कार्बोरेटरमध्ये येतं. वायरिंग नवीनच करा, जुनी जोडत बसू नका. ब्रेक चारही ड्रम, सिलेंडर नवे.

मागचं चाक स्विंग ॲक्सलचं आहे, जोरात वळताना मध्येच ॲक्सिलरेटरवरून पाय काढला किंवा ब्रेक मारला तर चाक आत दुमडतं आणि मागची बाजू निसटते. कसारा घाटात हौस दाखवायची ही गाडी नव्हे. वळणाच्या आधी वेग कमी करायचा आणि वळणात हलका ॲक्सिलरेटर ठेवायचा.

पेठ रोडला, म्हणजे नाशिकच्या आरटीओत जाणं

दोन वाटा आहेत. जुनी आरसी जिवंत असेल तर फॉर्म २५ ने नूतनीकरण, पाच वर्षांसाठी. पर्यावरण कर, इन्शुरन्स, पीयूसी आधी. फी मात्र वाढलीये, २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी दहा हजार केली, आणि उशिराचा दंड वेगळा. या वाटेने गाडी रोज चालवता येते.

दुसरी वाट व्हिंटेजची. पहिल्या नोंदणीला वीस हजार, दहा वर्षं चालते, नंतर पाच हजार, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण मग गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामापुरतीच रस्त्यावर आणता येते, भाजी आणायला नाही. लोक व्हीए नंबरच्या रुबाबासाठी चांगली चालू आरसी सोडून देतात, मला तरी हा शहाणपणा वाटत नाही. आरसी चालू असेल तर पहिलीच वाट धरा.

तपासणीला सकाळी लवकर जा, चेसिस नंबरच्या दोन-तीन पेन्सिल छापा घरूनच घेऊन ठेवा, हॉर्न, वायपर, इंडिकेटर, हँडब्रेक स्वतः तपासा. काम करताना काढलेले फोटो बरोबर ठेवा, निरीक्षकाला 'साहेब, सगळं मूळचंच आहे' म्हणण्यापेक्षा ते दाखवलेलं बरं. माझी शेवटची गाडी वायपरवर परत पाठवली होती, डावा अर्ध्यात थांबत होता.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर बॉडीचे सगळे बोल्ट परत आवळा, नवीन रबर बसतं आणि बोल्ट सैल होतात. मागच्या सीटखालचे दोन हमखास विसरतात. उरलेलं पॅकिंग आणि चार अडीच सुती बोल्ट गाडीतच एका पिशवीत टाकून ठेवा.