सीबी१वर डॉकिंग सुरू करताय? आधी रचना कुठल्या अवस्थेतली आहे ते बघा

सीबी१ म्हणजे पेशीवरचा तो रिसेप्टर (संदेश घेणारं प्रथिन), ज्याला गांजातलं टीएचसी चिकटतं. त्यावर डॉकिंग, म्हणजे एखादा रेणू प्रथिनात कसा बसेल ते संगणकावर ताडणं, सुरू करणाऱ्यांसाठी लिहिते आहे. माझे यात सात महिने गेले. त्याची चुटपुट अजून आहे.

जीपीसीआर (सीबी१ ज्यातला आहे ते रिसेप्टरांचं कुटुंब), सात हेलिक्स (पेशीपडद्यातून आरपार जाणारे त्यांचे पिळदार दांडे), जीआय प्रथिन (आतल्या बाजूने संदेश पुढे नेणारं) हे तुम्हाला येतं असं धरते. मी तेव्हा गुहागरला घरून काम करत होते. पावसाळा, लाइटचा भरवसा नाही. विद्यापीठाच्या सर्व्हरवर जॉब टाकायचा आणि रेंज मिळेल तिथे उभं राहून निकाल बघायचा. प्रश्न साधा होता, टीएचसी सीबी१च्या पॉकेटमध्ये, म्हणजे रेणू बसण्याच्या खोबणीत, बसतो कसा? मी प्रोटीन डेटा बँकेतून ५टीजीझेड या क्रमांकाची रचना उतरवून घेतली. २०१६ सालची, सीबी१ची पहिली प्रसिद्ध स्फटिकरचना, २.८ अँगस्ट्रॉम. डॉकिंगचे स्कोअर, म्हणजे रेणू किती चांगला बसतो याचे गुण, सुरेख आले. सिम्युलेशनमध्ये (रेणूंची हालचाल संगणकावर चालवून बघताना) मात्र टीएचसी जागेवर ठरेना, दर वेळी वेगळ्या कोपऱ्यात सापडायचा. मी मेम्ब्रेन (पेशीपडदा) बदललं, फोर्स फील्ड (अणूंमधल्या बलांची सूत्रं) बदललं, पुन्हा पुन्हा जॉब टाकले.

चूक पहिल्याच फाइलमध्ये होती. ५टीजीझेडमध्ये बसलाय तो एएम६५३८, म्हणजे अँटागोनिस्ट, रिसेप्टरला सुरू होऊ न देणारा रेणू. त्याने पॉकेट ऐसपैस उघडं धरून ठेवलंय, आणि एन-टोकाचा (प्रथिनसाखळीच्या सुरुवातीचा) एक तुकडा वरून आत वळलाय. २०१७ मध्ये एएम११५४२ आणि एएम८४१ या, रिसेप्टर सुरू करणाऱ्या, अ‍ॅगोनिस्टांसोबतच्या रचना आल्या, तेव्हा दिसलं की पॉकेटचं आकारमान ५३ टक्के कमी होतं. हेलिक्स १ आणि २ यांची बाहेरची टोकं ६ अँगस्ट्रॉमहून जास्त आत सरकतात. फेनिलअ‍ॅलानिन २०० आणि ट्रिप्टोफॅन ३५६ ही अमिनो आम्लांची जोडी जागा बदलते. टीएचसी हा अ‍ॅगोनिस्ट, आणि मी त्याला बसवत होते अँटागोनिस्टच्या घरात. ओहोटीला दाभोळची खाडी बघून भरतीला होडी कुठे लागेल ते ठरवावं, तसं चाललं होतं माझं. स्कोअर याबद्दल चकार शब्द काढत नाही. मोठ्या पॉकेटमध्ये काहीही कसंही बसतं, म्हणून तो उलट खूश करतो.

म्हणून फाइल उतरवण्याआधी मूळ पेपर वाचा. आत कोणता लिगँड (रिसेप्टरला चिकटलेला रेणू) आहे, तो काय करतो, हे वहीत लिहा. अ‍ॅगोनिस्टसाठी ५एक्सआरए (एएम११५४२सोबतची रचना) घ्या. जी प्रथिनासह पूर्ण सक्रिय अवस्था हवी असेल तर २०१९ची ६एन४बी ही क्रायो-ईएम (गोठवलेल्या नमुन्यावरून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने काढलेली) रचना बघा.

आणखी एक. ५टीजीझेड आणि ५एक्सआरए दोन्हींत पेशीच्या आतल्या बाजूच्या तिसऱ्या लूपमध्ये फ्लॅव्होडॉक्सिन हे परकं प्रथिन जोडलेलं आहे आणि चार ठिकाणी अमिनो आम्लं बदललेली आहेत. त्यातला थ्रिओनिन २१०च्या जागी अ‍ॅलानिन हा बदल रिसेप्टरला निष्क्रिय अवस्थेकडे झुकवतो. फ्लॅव्होडॉक्सिन काढा, चारही बदल मूळपदावर आणा. हे न करता काढलेले आलेख कुणाला दाखवू नका.

व्हिडिओ बघून दोन दिवसांत डॉकिंग शिकता येतं, यावर माझा विश्वास नाही. कमांड शिकता येतात. आणि स्कोअरचा तक्ता बघून ‘छान, लिहायला घे’ म्हणणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा ‘हा लिगँड कुठला?’ एवढंच विचारणारी प्रयोगशाळेतली सीनियर मुलगी जास्त मोलाची. मला तिनेच वाचवलं. फोनवर, पाच मिनिटांत.

घाबरू नका मात्र. गेलेल्या महिन्यांत मेम्ब्रेन बांधणं, जॉब सांभाळणं हाताला बसलं होतं, त्यामुळे दुसऱ्या खेपेला सगळं तीन आठवड्यांत उरकलं. स्वतःच्या हुशारीवर शंका घेत मी रात्री रडले आहे, तुम्ही रडू नका. फाइल तपासा. ५एक्सआरएवर टीएचसीचा हायड्रॉक्सिल सेरिन ३८३शी जुळला, शेपूट हेलिक्स ३, ५ आणि ६ यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत शिरलं, आणि शेवटच्या फ्रेमपर्यंत तिथेच राहिलं. आईला हाक मारून मी तो स्क्रीन दाखवला होता.