ग्लोबल एंट्रीची मुलाखत: तारखेच्या मागे लागण्याआधी

ग्लोबल एंट्री म्हणजे परदेशातून अमेरिकेत येताना इमिग्रेशनमधून झटपट सुटका करणारी अमेरिकी सरकारची सभासद योजना. मी न्यू जर्सीत राहते. आमच्या मंडळातल्या कुणाच्या खात्यात ‘कंडिशनल अप्रूव्हल’, म्हणजे मुलाखतीआधीची प्राथमिक मंजुरी, दिसलं की मला फोन येतो, “ताई, मुलाखतीची तारीखच मिळत नाही!” मी आधी विचारते, भारतात कधी जाताय?

कारण परदेशातून परत येणार असाल तर तारीख लागतच नाही. याला ‘एन्रोलमेंट ऑन अरायव्हल’ म्हणतात. मुंबईहून न्यूअर्कला किंवा जेएफकेला उतरलात की इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याला सांगायचं, माझी ग्लोबल एंट्रीची मुलाखत बाकी आहे. ठसे, फोटो, प्रश्न सगळं तिथेच उरकतं. प्राथमिक मंजुरीपासून ७३० दिवसांची मुदत असते, तेवढ्यात एखादं लग्न किंवा मुंज निघतेच. पण पुढचं विमान तासाभरात असेल तर हा उद्योग नको. आणि अबू धाबीमार्गे येणाऱ्यांचं अमेरिकन इमिग्रेशन अबू धाबीलाच होतं, तेव्हा विचारायचं तेही तिथेच. इकडे उतरल्यावर देशांतर्गत विमानातून आल्यासारखे सरळ बाहेर पडाल, अधिकारी भेटणारच नाही.

ज्यांचा परदेशप्रवास इतक्यात नाही, त्यांनी टीटीपीच्या, म्हणजे ‘ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्रॅम्स’च्या सरकारी संकेतस्थळावर लॉगिन डॉट गव्हच्या खात्यातून शिरायचं आणि ‘शेड्यूल इंटरव्ह्यू’ दाबायचं. लोक घराजवळचं मुलाखतीचं एकच केंद्र उघडतात आणि रिकामं कॅलेंडर बघून लॅपटॉप मिटतात. असं करू नका. न्यूअर्क नसेल तर जेएफके बघा, फिलाडेल्फिया बघा. जी तारीख मिळेल ती, कितीही लांबची असो, आधी घेऊन ठेवा. मग रोज चहाच्या वेळी डोकावत राहा. कुणी आपली वेळ रद्द केली की ती पुन्हा कॅलेंडरवर येते, आणि अशी जागा फार वेळ टिकत नाही. दिसली की ‘रीशेड्यूल’ करा. हातातली तारीख आधी रद्द करून नवी शोधायला निघणं म्हणजे पागडीची खोली सोडून मग घर बघणं.

घरात चौघं असतील तर अर्ज चार आणि वेळाही चार, तान्ह्या बाळाचीसुद्धा वेगळी. शक्यतो एकाच दिवशी लागोपाठच्या घ्या. आईवडिलांपैकी कुणी सभासद असेल किंवा सोबत अर्ज करत असेल, तर अठरा वर्षांखालच्या मुलांना १२० डॉलरची फी नाही.

ग्रीन कार्ड नसलेल्या भारतीय नागरिकांना, म्हणजे एच-वन-बीवाल्यांनाही, भारत सरकारकडून पार्श्वभूमीची पडताळणी लागते. तिचा अर्ज पासपोर्ट सेवा पोर्टलवर असतो. ही वेगळी पायरी आहे हेच पुष्कळांना माहीत नसतं आणि मग अर्ज का अडला म्हणून अमेरिकेच्या नावाने बोटं मोडतात.

मुलाखतीला पासपोर्ट, ग्रीन कार्ड किंवा व्हिसा, ड्रायव्हिंग लायसन्स आणि प्राथमिक मंजुरीच्या पत्राची प्रत न्या. लायसन्सवर जुना पत्ता असेल तर विजेचं बिलही घ्या. प्रश्न साधे असतात: काम काय, कुठे कुठे फिरलात, कधी अटक झाली का, कस्टम्समध्ये दंड झाला का. शेवटचा आपल्या लोकांसाठी महत्त्वाचा. बॅगेतले न सांगितलेले आंबे पकडले गेले असतील, तर ती नोंद अर्जाच्या आड येऊ शकते. खाण्याचं काहीही असो, फॉर्मवर किंवा तोंडी सांगून टाका. फार तर ते काढून घेतील.

अंतिम मंजुरीनंतर मिळणारा सभासद क्रमांक विमानाच्या बुकिंगमध्ये ‘नोन ट्रॅव्हलर नंबर’च्या रकान्यात घालायचा. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं आणि तिकिटावर ते गाळलेलं असतं. नावं जुळली नाहीत तर बोर्डिंग पासवर टीएसए प्रीचेक, म्हणजे सुरक्षा तपासणीच्या जलद रांगेची खूण, उमटत नाही. एअरलाइनच्या खात्यातलं नाव त्याच दिवशी पासपोर्टप्रमाणे करून घ्या.